पेरले तसे उगवते काय?



'पेरावे तसे उगवते' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. ती शाळेच्या भिंतीवर लिहिलेली असते, वडीलधारी माणसे उपदेश करताना तीच सांगतात, आणि वरवर पाहिले तर तिच्यात खोटे काहीच नाही. मेथी पेरली तर मेथीच येते, मिरची येत नाही. पण ह्याच म्हणीच्या आधारे आपल्या आजा-पणजांना पिढ्यान्‌पिढ्या काय सांगण्यात आले? "तुम्ही गेल्या जन्मी पाप पेरले, म्हणून ह्या जन्मी गावकुसाबाहेर उगवलात. आता मुकाट्याने सेवा करा, म्हणजे पुढल्या जन्मी चांगले उगवाल." शेतकऱ्याच्या तोंडच्या एका साध्या म्हणीचा असा फास वळण्यात आला आणि तो आपल्या गळ्यात अडकवण्यात आला.

आपण धम्मदीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, देव्हाऱ्यातले देव विसर्जित केले. परंतु हा फास गळ्यातून पुरता निघाला आहे काय, हे प्रत्येकाने आपापल्या घरात तपासून पाहावे. मूल अधू जन्मले की आजही शेजारीण हळूच म्हणते, "कोणत्या जन्मीचे भोग, बाई!" घरातला कर्ता पुरुष अकाली गेला की त्याच्या पत्नीच्या पायगुणाची चर्चा होते. मुलगा दहावीला नापास झाला की बापच म्हणतो, "आपल्या नशिबातच विद्या नाही." देव्हारा गेला, पण हे बोलणे राहिले. म्हणून आज मी आपल्यापुढे एकच प्रश्न ठेवणार आहे : पेरले तसे खरोखर उगवते काय? ह्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांत आहेच. पण ते घराच्या मागे, मोरीच्या पाण्यावर वाढणाऱ्या चार झाडांतही आहे. आपण आधी तिकडे जाऊ.

परसातली शाळा

परसबाग म्हटले की बंगल्यामागची हिरवळ डोळ्यांपुढे आणू नका. घरामागची दहा-बारा हात जागा, कुंपणाला शेवगा, मोरीच्या तोंडाशी अळू आणि केळ, न्हाणीच्या छपरावर चढवलेला दोडका, मेथी-पालकाचे दोन वाफे, चार रोपे वांग्याची, चार मिरचीची, कोपऱ्यात कढीपत्ता आणि एखादे लिंबाचे झाड. एवढी बाग घरची भाजी बऱ्याच अंशी भागवते. ज्यांना एवढीही जागा नाही, जे चाळीत किंवा इमारतीत राहतात, त्यांनी तेलाचे रिकामे डबे आणि रंगाच्या जुन्या बादल्या घ्याव्यात, तळाला भोके पाडावीत आणि गॅलरीत ठेवाव्यात. शिकवण तीच मिळते.

मी शिक्षक आहे. अनेक शाळांत आता परसबाग असते आणि तिच्यातली भाजी मुलांच्या पोषण आहारात जाते. हा उपयोग चांगलाच आहे. पण मला बागेचा दुसरा एक उपयोग अधिक मोलाचा वाटतो. बाग ही कार्यकारणभावाची शाळा आहे. तिथे काहीही उगाच घडत नाही आणि काहीही कोणाच्या कृपेने घडत नाही. तथागतांनी आपला धम्म 'एहिपस्सिको' आहे, म्हणजे या आणि स्वतः पाहा असा आहे, असे सांगितले. परसबाग तेच सांगते.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विश्वातील व्यवस्थेचा विचार मांडला आहे. ऋतू ठरल्या क्रमाने येतात, हा ऋतुनियम. बीपासून झाड आणि झाडापासून फळ व पुन्हा बी, हा बीजनियम. आणि माणसांच्या समाजात जी नैतिक व्यवस्था असते ती राखणारा कर्मनियम. ही व्यवस्था कोणी ईश्वर चालवत नाही. नैतिक व्यवस्था माणसाच्या कर्मावर, म्हणजे त्याच्या बऱ्यावाईट कृतीवर उभी असते. पाली अट्ठकथांतही हे नियम वेगवेगळे सांगितलेले आहेत. ते वेगवेगळे आहेत, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आपली फसवणूक झाली ती इथेच. जे ऋतूमुळे घडले, जे पाण्यावाचून घडले, जे दुसऱ्याच्या अन्यायामुळे घडले, ते सगळे एकाच कर्माच्या खात्यावर लिहिले गेले, आणि तेही ह्या नव्हे, मागल्या जन्मीच्या.

पावसाळा : ऋतूचा नियम

बागेचे वर्ष मृगापासून सुरू होते. साधारण ७ जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात येतो आणि त्याच दिवसांत कोकणाकडून पाऊस वर सरकू लागतो. ह्यात शुभ-अशुभ काही नाही. आकाशाकडे आणि मातीकडे पाहत जगलेल्या असंख्य पिढ्यांचे ते निरीक्षण आहे. ज्या नक्षत्रांवरून शेतकरी पेरणीची वेळ ओळखतो, त्याच नक्षत्रांवरून ज्योतिषी माणसाला भीती घालतो. पहिले ज्ञान आहे, दुसरे दुकान आहे. दोहोंतला फरक मुलांना जरूर समजावून द्या.

पहिल्या सरीला भुलू नये. माती वीतभर खोल भिजली की मग भेंडी, गवार, दोडका, कारले, दुधी, काकडी लावावी. शेवग्याची जाड फांदी ह्याच दिवसांत रोवली की रुजते. वाफे थोडे उंच करावेत, नाहीतर मुळाशी पाणी साचून रोप कुजते. पाणी कमी पडले तरी रोप मरते आणि जास्त झाले तरी मरते.

आता एक वेल नीट पाहा. वालाचा. आपल्याकडचे जुने, गावठी वाल पावसाळ्यात लावले की वेल मांडवभर पसरतो, पाने दाट होतात, पण फूल दिसत नाही. घरातली माणसे कंटाळून म्हणतात, "हा वेल वांझ आहे, उपटून टाका." पाणी वाढवा, खत घाला, वेल हलत नाही. मग पावसाळा सरतो, दिवस लहान होऊ लागतात, हवा थंडावते, आणि त्याच वेलाला तुरे लागतात. तो वांझ नव्हता. त्याचा ऋतू आला नव्हता. किती सुनांना आणि किती मुलांना आपण असे, ऋतू येण्याआधीच, नाव ठेवून मोकळे होतो!

अंगुत्तर निकायातील एका सुत्तात भगवंतांनी शेतकऱ्याचेच उदाहरण दिले आहे. शेतकऱ्याची तीन तातडीची कामे असतात : वेळेवर नांगरणे, वेळेवर पेरणे, वेळेवर पाणी देणे आणि काढणे. ही तीन त्याने केलीच पाहिजेत. पण 'आजच अंकुर फुटो, उद्या कणीस येवो, परवा पिको' असे म्हणण्याचे सामर्थ्य त्याच्यात नसते. ते पीक आपल्या वेळेने पिकते. इथे प्रयत्न आणि धीर एकत्र सांगितले आहेत. नुसता धीर सांगितला तर तो दैववाद होतो. नुसता प्रयत्न सांगितला तर माणूस अधीर होऊन रोप रोज उपटून मूळ वाढले काय ते पाहतो.

हिवाळा : बियाण्याचा नियम

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाऊस ओसरतो आणि पालेभाज्यांचा काळ येतो. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, टोमॅटो. मेथी चार-पाच दिवसांत उगवते आणि महिन्याभरात खुडायला येते. धणे थोडे रगडून, दोन फाका करून पेरावे लागतात, आणि तरीही कोथिंबीर वर यायला आठ-दहा दिवस घेते. दोघींचा स्वभाव वेगळा, म्हणून दोघींशी वागणेही वेगळे.

इथे मी सांगतो तो प्रयोग ह्या हिवाळ्यात करून पाहा, आणि मुलांच्या हातून करवा. मेथीचे मूठभर दाणे घ्या. त्यांचे दोन भाग करा. एक भाग शेणखत घातलेल्या, ऊन येणाऱ्या वाफ्यात पेरा. दुसरा भाग भिंतीच्या आडोशाला, दिवसभर सावली असते अशा मुरमाड जागी पेरा आणि पाणीही त्याला कधी द्या, कधी देऊ नका. वीस-पंचवीस दिवसांनी मुलांना दोन्ही जागा दाखवा. एकीकडे हिरवी, तजेलदार भाजी असेल. दुसरीकडे लांबुडकी, पिवळी, वाकलेली काडी.

बी एकच होते. पेरणारा हात एकच होता. दिवस एकच होता. आता मुलांना विचारा : भिंतीकडच्या मेथीने मागल्या जन्मी काय पाप केले होते? मुले हसतील. त्यांना हसू द्या. जो प्रश्न मेथीच्या बाबतीत हास्यास्पद आहे, तो माणसाच्या बाबतीत हजारो वर्षे गंभीरपणे विचारला गेला आणि त्याचे उत्तर शास्त्र म्हणून लिहून ठेवले गेले.

कोणी म्हणेल, "गुरुजी, काही बीच मुळात निकस असते, त्याचे काय?" असते. ते तपासण्याची रीतही आहे. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि किती अंकुरले ते मोजा. साठच अंकुरले तर बी कमी प्रतीचे. पण ते तसे का झाले? ओलसर जागी ठेवले गेले, भुंगा लागला, फार जुने झाले, की कोवळेच तोडले? कारण शोधले की सापडते. म्हणून आपल्या आया भोपळ्याचे बी राखेत घोळून ठेवत. निकस बियाण्यालाही कारण असते, आणि ते कारण ह्याच जगात असते.

बीजनियमाची दुसरी बाजू त्याहून महत्त्वाची आहे. वासेट्ठ सुत्तात दोन ब्राह्मण तरुण भगवंतांकडे येतात आणि विचारतात की माणूस जन्माने ब्राह्मण होतो की कर्माने. भगवंत त्यांना गवताकडे आणि झाडांकडे पाहायला सांगतात. झाडे, किडे, पाखरे, पशू ह्यांच्यात जन्मानेच वेगळ्या खुणा दिसतात. माणसा-माणसांत केस, डोळे, कान, तोंड, हात, पाय ह्यांच्यात तशा जन्मजात जातीच्या खुणा नाहीत. मेथी आणि मिरची ह्या दोन जाती आहेत. माणूस ही एकच. ज्यांनी माणसात चार वर्ण आणि हजारो जाती पाडल्या, त्यांनी एकाच पुडीतल्या बियांना चार नावे दिली आणि मग चार वेगवेगळ्या जागी पेरले. पुढे पिकातला फरक बोटाने दाखवून ते म्हणाले, "पाहा, बीच निराळे होते."

उन्हाळा : पाणी कोणाचे?

फाल्गुन सरला की बागेची खरी परीक्षा सुरू होते. पालेभाज्या फुलावर येतात, पाने कडवट होतात, माती भेगाळते. ह्या दिवसांत बाग वाढवायची नसते, जगवायची असते. त्याच्या रीती साध्या आहेत. पाणी संध्याकाळी किंवा भल्या पहाटे द्यावे. दुपारचे पाणी बरेचसे वाफ होऊन जाते. मुळाशी पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालावे, म्हणजे ओल टिकते. लिंबाच्या किंवा पपईच्या बाजूला चकचकीत न केलेले साधे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे आणि भरून वर झाकणी ठेवावी. त्यातले पाणी पाझरत मुळांना पोचते. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी बागेलाच सोडावे.

पण हे सगळे पाणी असेल तर. पाणीच नसेल तर कोणतीही युक्ती चालत नाही. आता ह्या ठिकाणी क्षणभर थांबा आणि आपल्या जुन्या वस्त्या आठवा. आपल्या आजोबांच्या घरामागे परसबाग का नव्हती? आपली माणसे आळशी होती म्हणून? त्यांना मातीतले कळत नव्हते म्हणून? साऱ्या गावाची शेते त्यांच्या घामावर पिकत होती! परसबाग नव्हती, कारण पिण्याचे पाणीच ओंजळीत वरून ओतले जात होते. झाडाला कोण देणार? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायला हजारोंच्या समुदायासह जावे लागले. जमीन होती ती वतनाची, आणि तिच्या बदल्यात रात्रंदिवस राबणूक होती. ते वतन बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात विधेयक मांडून मुळाशी धरले. ते कायद्याने गेले १९५८ साली.

ज्याचे पाणी तोडले त्यालाच विचारायचे की तू वाळलास का, आणि वर सांगायचे की तुझ्या कर्माने वाळलास, ह्याला काय म्हणावे? तहानलेल्या रोपाला कोणी पापी म्हणत नाही. माणसाला म्हटले गेले, कारण तसे म्हटल्याने पाणी तोडणारा हात झाकला जात होता.

तथागतांचे उत्तर

हे सगळे मी माझ्या पदरचे सांगतो आहे असे समजू नका. संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक भगवंतांना विचारतो : माणूस जे काही सुख-दुःख भोगतो ते सगळे पूर्वी केलेल्या कर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, आपले मत काय? भगवंत त्याला कारणे मोजून दाखवतात. काही वेदना पित्तामुळे होतात, काही कफामुळे, काही वातामुळे, काही ह्या तिन्हींच्या बिघाडामुळे. काही ऋतू बदलल्यामुळे, काही अनियमित वागण्यामुळे, काही दुसऱ्याने केलेल्या आघातामुळे, आणि काही कर्माच्या परिणामामुळे. आठ कारणे. जे सर्व काही पूर्वकर्मावर ढकलतात ते स्वतःच्या अनुभवालाही सोडून जातात आणि जगाने जे सत्य म्हणून ओळखले आहे त्यालाही सोडून जातात, असे भगवंतांनी स्पष्ट सांगितले.

ह्या आठांत 'ऋतू' आहे आणि 'दुसऱ्याचा आघात'ही आहे, हे विशेष पाहा. गारठ्याने करपलेले रोप आणि शेजाऱ्याच्या बैलाने तुडवलेले रोप, दोन्ही मेलेलीच. पण कारणे दोन, म्हणून उपायही दोन. एकाला आडोसा करायचा, दुसऱ्यासाठी कुंपण घालायचे आणि शेजाऱ्याला जाबही विचारायचा. सगळे 'भोग' म्हटले की आडोसाही होत नाही, कुंपणही होत नाही आणि जाबही विचारला जात नाही.

अंगुत्तर निकायातही भगवंतांनी तीन मते नाकारली आहेत : सर्व काही पूर्वकर्माने होते, सर्व काही ईश्वराच्या इच्छेने होते, आणि सर्व काही विनाकारण होते. का नाकारली? कारण ही तिन्ही मते मानणाऱ्याला 'हे करावे, हे करू नये' असे म्हणण्याची जागाच उरत नाही. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात बुद्धाचा कर्मसिद्धान्त आणि ब्राह्मणी कर्मसिद्धान्त हे एक नव्हेत, हे ठासून मांडले आहे ते ह्याचसाठी.

मग आपल्या हाती काय?

आता उलट बाजूने एक प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. सर्व काही माती, पाणी, ऊन ह्यांवरच अवलंबून असेल, तर माणसाची जबाबदारी कुठे राहिली? दारू पिणारा म्हणेल, "माझी मातीच तशी." बायकोवर हात टाकणारा म्हणेल, "मी असेच पाहत वाढलो." हेही एक प्रकारचे नशीबच झाले, फक्त मागल्या जन्माऐवजी परिस्थितीचे नाव घेतले.

ह्याचे उत्तर असे आहे की माणूस रोप आहे, पण तो माळीही आहे. भिंतीच्या सावलीतली मेथी उठून उन्हात जाऊ शकत नाही. माणूस जाऊ शकतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसे एका भिंतीच्या सावलीतून उठून उन्हात आली, आणि आज जी कुटुंबे नव्याने दीक्षा घेत आहेत तीही तेच करीत आहेत. धर्मांतर म्हणजे दुसरे काय?

पण उन्हात आल्यावर काम संपत नाही, सुरू होते. अष्टांगिक मार्गातील सम्यक व्यायामाचे चार भाग आपण वंदनेनंतर ऐकतो आणि विसरतो. बागेत ते विसरता येत नाहीत. जे तण अजून उगवले नाही ते उगवू न देणे. उगवले ते फुलावर येण्याआधी मुळासकट काढणे. जे चांगले अजून नाही ते पेरणे. जे चांगले उगवले ते राखणे आणि वाढवणे. मनाचेही तेच. एकदा खुरपून बाग कायमची स्वच्छ होत नाही, आणि एकदा दीक्षा घेऊन मन कायमचे स्वच्छ होत नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी बसावे लागते.

किडीबद्दल अनेकजण विचारतात की पहिले शील घेतलेल्याने मावा मारावा काय. बाबासाहेबांनी अहिंसेचे विवेचन करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज ह्यांत भेद केला आहे. तो भेद बागेत रोज उपयोगी पडतो. आधी रोप सशक्त करा, दाटी विरळ करा, किडलेले पान काढून टाका. तरीही कीड वाढली तर कुटलेल्या निंबोळीचा अर्क, लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम, रात्रभर भिजवून, गाळून फवारा. दुकानातले जहाल विष पहिल्याच दिवशी ओतू नका. त्याने मधमाश्याही मरतात, आणि मधमाशी गेली की भोपळ्याचे फूल फळ न धरताच गळते. इथेही नियम तोच : आपली कृती कुठवर पोचते ते पाहून कृती करणे.

तुळस आणि पिंपळ

नव्या बौद्ध घरांत हमखास निघणारा प्रश्न म्हणजे अंगणातल्या तुळशीचे काय करावे. वृंदावन, दिवा, लग्न हे सगळे सोडावे. पण झाडाचा काय अपराध? ते परसात इतर झाडांबरोबर लावावे आणि खोकल्याला काढा करावा. झाडाला देवी करणे चूक होते. त्याला वैरी करणेही चूकच.

पिंपळाचे उलट होते. तो आपला बोधिवृक्ष, म्हणून न्हाणीच्या भिंतीत उगवलेले रोप कोणी काढत नाही. पाखराच्या विष्ठेतून पडलेले ते बी भिंत फोडल्याशिवाय राहत नाही. ते लहान असतानाच मुळासकट काढावे आणि विहाराच्या किंवा गावाच्या मोकळ्या जागेत लावावे. खुद्द बोधगयेचा जुना वृक्ष १८७६ साली कोसळला, आणि पुढे १८८१ साली कनिंगहॅम ह्यांनी तिथे रोप लावले. आज लोक ज्या वृक्षाखाली बसतात तो असा लावून, पाणी घालून वाढवलेला आहे. नुसत्या हात जोडण्याने कोणतेही झाड जगत नाही. आपल्या चळवळीचे, आपल्या विहाराचे, आपल्या घरातल्या मुलाचेही तसेच आहे.

घरातली सावली

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे विचारतो. आपल्या परसबागेला पाणी कोण घालते? बहुतेक घरांत घरधनीण किंवा मुलगी. मुलगा अभ्यासाला बसलेला असतो, आणि मुलगी कळशी घेऊन चार खेपा करते, मग भाकऱ्या थापते, मग उरलेल्या वेळात पुस्तक उघडते. परीक्षेत तिला गुण कमी पडले की आपण म्हणतो, "तिचे डोके बेताचेच." बंधूंनो, ही तीच भिंत आणि तीच सावली आहे. फरक एवढाच की ह्या वेळी भिंत आपण बांधली आहे. वर्गात मागच्या बाकावर बसणारा, 'मठ्ठ' म्हणून ओळखला जाणारा मुलगा कैकदा फळाच वाचू शकत नसतो. त्याला चश्मा मिळाला की तो बोलू लागतो. त्याच्याही कपाळावर आपण आधी नशीब वाचतो आणि नंतर डोळे तपासतो.

ज्यांचे पाणी तोडले गेले त्यांच्या घरात कोणाचे पाणी तुटू नये. हे धम्माचे मागणे आहे आणि ते घरापासूनच पुरे करता येते. पाणी घालण्याच्या पाळ्या लावा. त्यात बापाची आणि मुलाचीही पाळी असू द्या. पहिली काकडी कर्त्या पुरुषाच्या ताटात न जाता सर्वांच्या ताटांत चकती-चकती जाऊ द्या. दोडके जास्त आले तर शेजारच्या घरी पाठवा, मग ते घर कोणाचेही असो.

तेव्हा 'पेरावे तसे उगवते' ही म्हण टाकून देऊ नका. ती पुरी करा. पेरावे तसे उगवते, पण माती, पाणी, ऊन आणि राखण मिळाली तर. मुलांना ती अशी पुरी शिकवा. आणि ह्यापुढे घरात, वस्तीत, मयताच्या दारात किंवा निकालाच्या दिवशी कोणाच्या तोंडून 'मागल्या जन्मीचे भोग' असे शब्द निघाले, तर भांडू नका. शांतपणे एवढेच विचारा : ह्याला ऊन किती मिळाले, पाणी कोणी दिले, कोणी तोडले, आणि आता आपण काय देऊ शकतो? मृग दर वर्षी येतो. त्याआधी वाफे खणून ठेवा.

जय भीम!